अप्पांचं मंजन

अप्पा गेले आणि दोन महिन्यांत त्यांनी घरी कुटलेलं मंजन संपत आलं. बाटलीच्या तळाशी चमचाभर उरलं, तेव्हा आईनं बाटली कपाटात ठेवली आणि दात घासणंच सोडलं. दात घासल्याशिवाय चहा घेणं आमच्याकडे पाप! तीन दिवस आई दुपारपर्यंत उपाशी. टूथपेस्ट आणली तर म्हणाली, "फेस गाळायला मी काय घोडी आहे?"

हद्द झाली! मी बारावीला केमिस्ट्री शिकवते. दर वर्षी प्रॅक्टिकलला मुलांपुढे अनोळखी मिश्रण ठेवते नि म्हणते, ओळखा. मग बापाचं मंजन मला ओळखता येऊ नये?

"आई, अर्धा चमचा दे."

"आणि वाया गेलं तर, विनू? तेवढंच उरलंय गं त्यांचं."

तिचे डोळे भरले, माझेही. तरी दिलं तिनं.

लवंग नाकालाच कळली. वाटीत मंद तापवलं, तर वरच्या थंड ताटलीला कापूर चिकटला. उरलेलं पाण्यात ढवळून गाळलं आणि पाणी आटवलं. तळाशी खारट-तुरट चव, म्हणजे मीठ नि तुरटी. गाळात कोळशाची काळी पूड, आणि एक पांढरी भुकटी. तिच्यावर लिंबू पिळलं. चुनखडी असती तर फसफसली असती. ही ढिम्म! आमच्या शाळेतला फळ्याचा खडू चुनखडीचा नसतो, जिप्समचा असतो, तो अस्साच.

अप्पा मुरारच्या शाळेत गणित शिकवायचे, खिशात सदा खडूचे तुकडे. पण मंजनात?

"आई, अप्पा यात खडू घालायचे?"

सत्तरीची बाई, पदर तोंडाला लावून लाजली.

"त्यांना काय ठाऊक! लवंग एवढी घालायचे की हिरड्या पेटायच्या. बोललं की रुसायचे. मग मीच त्यांच्या खिशातले तुकडे कुटून गुपचूप मिसळायचे. वर स्वतःच म्हणायचे, बघ, माझं मंजन कसं मऊ!"

"आणि रिटायर झाल्यावर?"

"तुझ्या पर्समधले."

"मग तूच का नाही बनवलंस?"

"बाकीचं काय घालतात ते कधी सांगितलं का त्यांनी? आणि माझं मी कुठे सांगितलं!"

किला गेट बाजारातल्या पंसाऱ्याच्या, म्हणजे किराणा-जडीबुटीवाल्याच्या दुकानातून सगळं आणून कुटायला बसले. बाटलीतलं उरलेलं विरजणासारखं त्यात घातलं.

"लवंग कमी घालू?"

"अजिबात नको, त्यांच्याइतकीच घाल," आई म्हणाली आणि माझी पर्स ओढून घेतली. "खडू घालायला मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोरीतून हाक आली, "विनू, चहा टाक!"