उणे चिन्ह हरवलेला कॅल्क्युलेटर

या मित्रांनो, जरा जवळ या. माझी गोष्ट लहानशीच आहे, पण आठवली की अजून माझी बटणं थरथरतात.

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. धरणाच्या दाराशेजारच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. नवा होतो तेव्हा चौकीदार बाबा मला बाहीने पुसायचे. भिंतीवर नियम लिहिला होता : पाणी चाळीस फुटांपर्यंत असेल तर दार बंद, त्याच्या वर असेल तर जितके फूट जास्त, त्याच्या तिप्पट वेढे दार उघडायच्या चाकाला द्यावेत. बाबा उंचीतून चाळीस वजा करत, तिनाने गुणत. बेचाळीस फूट, सहा वेढे! "सोन्याचा तुकडा आहे हा," असं ते ज्याला त्याला सांगत.

मग एकदा मी फरशीवर पडलो. काचेवर उणे चिन्ह उमटायची जागा मेली. पोटात उणे असायचं, बाहेर दिसायचं नाही. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही आणि मला सांगता येईना. मित्रांनो, त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

महिनाभर पाणी चाळीसच्या वरच होतं, म्हणून काही बिघडलं नाही. बाबांच्या बोटांना तीच बटणं सवयीची झाली. पुढे पाणी छत्तिसांवर उतरलं. दार बंद होतं, म्हणून खाली नदीचं पात्र मोकळं झालं आणि एक रंगारीण तान्ह्याला पाठीशी बांधून तिथे कापड धुवायला उतरली. बाबांनी सवयीनेच हिशेब केला. मी आतून ओरडत होतो, उणे बारा, उणे बारा! काचेवर उमटलं नुसतं बारा. चाक फिरलं, दार उघडलं.

बाईची किंकाळी ऐकून बाबांनी धावत दार बंद केलं. तोवर पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. देवानेच तिला खडकाचा आधार दिला.

ती ओलेत्यानेच खोलीत आली. "कापडं गेली, जाऊ देत, बाबा. उद्या पात्रात उतरू की नको, तेवढं सांगा."

बाबांनी मला खिळ्यावरून काढलं आणि भिंतीवरचा नियम पुन्हा वाचला.

त्यांची सून शाळेत गणित शिकवायची. संध्याकाळी तिने मला तपासलं. "बाबा, ह्याचं उणे गेलंय."

"मग फेक त्या मेल्याला!"

"नवा येईल तेव्हा येईल. तोवर नदी थांबणार आहे का? आणि चूक एकट्या ह्याची नाही. 'असेल तर, असेल तर' हे सगळं तुमच्या डोक्यावर सोडलंय. ते काढूनच टाकू."

"नियम काढतेस? नोकरी घालवशील माझी!"

"नियम तोच. दोन ओळींची एक ओळ करू. उंचीतून चाळीस वजा करा, आलेला फरक साठवा. त्याचा वर्ग करा, मग वर्गमूळ काढा. त्यात साठवलेला फरक मिळवा. निम्मं करा, तिनाने गुणा. पाणी कितीही असो, बटणं हीच."

"पण वर्ग करून पुन्हा मूळ? घातलेला सदरा काढून परत घालायचा?"

"उणे तेवढं धुऊन निघतं, बाबा. छत्तीस घ्या. फरक उणे चार. वर्गमूळ निघालं चार. दोन्ही मिळवा."

"शून्य! म्हणजे कमी पडलं की आपलं आपण फिटतं?"

"आणि उत्तर कधी उण्यात येतच नाही. ह्याला दिसत नाही तर नसू दे."

तरी मला धास्ती होतीच. पंधरा दिवसांनी पाणी त्रेचाळीसवर चढलं. बाबांनी एकेक बटण जपून दाबलं. आताही शून्यच आलं तर? धरण फुटेल! फरक तीन, वर्गमूळ तीन, बेरीज सहा, निम्मे तीन... काचेवर नऊ उमटलं. बाबांनी आधी भोंगा वाजवला, काठावर नजर फिरवली. रंगारीण वर चढून आली, तिने हात हलवला. मग वेढे दिले, मोजून नऊ.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. आम्ही पडलो तर ज्याचं उत्तर तुम्हांला आधीच ठाऊक आहे, असं एखादं गणित आम्हांला घालून पाहा. आणि एवढं मागणं ऐका : माझ्यासारख्याचा आकडा पाहून हात चाकाकडे जाईल, तेव्हा खाली पाठीशी तान्हं बांधून उभ्या असलेल्या त्या माउलीची आठवण ठेवा.