गळ्याशी घट्ट

मी सुनंदाबाईंचा थंड पाण्यात घालायचा सूट बोलतोय. रंग काळा, जाडी सतरंजीएवढी, अंग स्पंजासारखं. मला पाहून जो तो विचारतो, "हा रेनकोट का हो?" अहो, रेनकोट पाणी बाहेर ठेवतो. मी थोडंसं आत घेतो आणि अंगाशी धरून ठेवतो. मग माणसाच्या अंगातल्या उबेनं तेच पाणी कोमट होतं. ही करामत मला अजून खरी वाटत नाही.

परदेशातल्या एका कारखान्यात रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडून मला बनवलं. जन्म समुद्रासाठी, पण समुद्र काही दिसेना. खोक्यातून बाहेर आलो तो थेट बदलापूरच्या सोनिवलीत, तेही भर एप्रिलमध्ये. पंखासुद्धा गरम हवा ढकलत होता. सुनंदाबाईंनी नवं कापड म्हणून माझ्या गळ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि मला रेशमी साड्यांशेजारी टांगलं. त्या साड्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

सुनंदाबाई अंबरनाथच्या एमआयडीसीत, रबर चिकटवायचं सोल्यूशन बनवणाऱ्या कंपनीत केमिस्ट होत्या. नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान श्यामकांतराव त्याच कंपनीत ऑफिसर होते. मुलगी राजसी नॉर्वेत राहते आणि समुद्राखाली उगवणाऱ्या केल्प नावाच्या उंच शेवाळाचा अभ्यास करते. दर रविवारी ती फोनवर त्या जंगलाचं वर्णन करायची आणि शेवटी हात टेकायची. "आई, सांगून नाही कळायचं गं. बघायलाच पाहिजे."

"मग दाखव," एका रविवारी सुनंदाबाई म्हणाल्या.

त्या मालवणला जाऊन सिलिंडर पाठीला लावून बुडी मारायला शिकून आल्या, डॉक्टरांचा होकारही मिळवला. पण मालवणचं पाणी उबदार आणि तिथलं गार, म्हणून राजसीनं मला पाठवलं. तिचं नॉर्वेतलं काम या उन्हाळ्यात संपणार होतं. पुढच्या वर्षी ते जंगल तिथेच असणार, पण दाखवायला राजसी नसणार. जायचं तर आत्ताच.

मला अंगात चढवणं म्हणजे दिव्यच. राजसी व्हिडिओ कॉलवरून शिकवत होती. "पायात प्लॅस्टिकची पिशवी घाल आई, मग सरकतो." सुनंदाबाईंनी साडीच्या दुकानाची पिशवी पायात घातली. श्यामकांतराव मागून ओढत होते. घामाच्या धारा लागल्या. शेवटी पाठीची चेन गळ्यापर्यंत गेली आणि सुनंदाबाई आरशासमोर उभ्या राहून खो खो हसत सुटल्या. "अहो, वांगं दिसतंय नुसतं!"

श्यामकांतराव हसले नाहीत. त्यांची नजर माझ्या गळ्यावर होती. "फार आवळतोय गं."

"असाच असतो तो."

आता आपल्याकडे कपडा म्हटला की तो चार बोटं सैल हवा. शिंप्याकडे गेलं की पहिलं वाक्य तेच, आणि शिवणीत वर कापड सोडायला सांगायचं. श्यामकांतरावांनी साठ-पासष्ट वर्षं हेच केलेलं. दुसऱ्या दिवशी बाई बँकेत गेल्या, तशी त्यांनी मला पिशवीत कोंबलं आणि उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या चेतनच्या गाळ्यावर नेलं.

"गला ढिला करायचा ना अंकल? टेन्शन नको. मस्त पट्टी डालके देतो."

कात्री चालली. जीन्सची जाड सुई माझ्यातून आरपार गेली, पुन्हा पुन्हा गेली. माझ्यात कोंडलेले बुडबुडे फुटत होते आणि मला ओरडताही येत नव्हतं. गळ्यात एक काळी पट्टी घालून चेतननं मला घडी करून दिलं. श्यामकांतरावांनी त्याच्याशी हात मिळवला. घरी येऊन मला गुपचूप होतं तिथे टांगलं.

रविवारी गच्चीवर परीक्षा झाली. मोठं निळं पिंप, त्यात मासळी बाजारातून आणलेल्या बर्फाच्या लाद्या. फोन कठड्याला टेकवलेला, त्यावर राजसी. सुनंदाबाई गळ्यापर्यंत आत बसल्या, आणि मी हरलो. सैल गळ्यातून बर्फाचं पाणी भसाभसा आत शिरलं, कोमट व्हायच्या आत निघून गेलं, नवं आलं. सुईची भोकंही गळत होती. बाईंचे ओठ निळे पडले. श्यामकांतरावांनी त्यांना कसंबसं बाहेर काढलं आणि टॉवेलात गुंडाळलं.

"गळा दाखव आई. हे कुणी केलं?" राजसीचा आवाज चढला. "अशा सुटात मी तुला पाण्यात उतरू देणार नाही. बोटीत वर बसून राहायचं."

श्यामकांतराव पिंपाकडे बघत म्हणाले, "मी केलं." मग बायकोकडे वळले. "आजारपणात तू हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होतीस तेव्हा मी काचेबाहेर उभा होतो. तुझा एकेक श्वास मोजत होतो. तुझ्या गळ्याशी काही आवळलेलं मला बघवत नाही गं."

सुनंदाबाई थंडीनं कुडकुडत होत्या. तरी टॉवेलातून एक हात काढून त्यांनी नवऱ्याचा हात धरला. "म्हणून तर जायचंय हो. तेव्हा श्वास दुसऱ्यांनी दिला. आता माझा मी घेऊन बघायचाय."

मग त्या उठल्या, जुन्या कंपनीत फोन लावला आणि सोल्यूशनचा डबा मागवला. चेतनची शिवण एकेक टाका उसवली. पट्टी काढली, कापलेल्या कडा घासल्या, पातळ थर दिला, सुकू दिला, परत दिला. नाकाला झोंबणारा तो वास त्यांनी डोळे मिटून घेतला, उभी नोकरी त्यात गेली होती. "आता दाबून धरा," त्या म्हणाल्या. श्यामकांतरावांनी माझ्या कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या. मी पुन्हा आवळत होतो आणि ते स्वतःच मला आवळायला मदत करत होते. पुढच्या रविवारी पिंपात बर्फ होता, आत बाई होत्या, आणि एक थेंब जास्त आत आला नाही. राजसी इतकंच म्हणाली, "तिकिटं काढा."

आज आम्ही बोटीवर आलो. मी प्रथमच समुद्र पाहिला. दोन्ही बाजूंना बर्फाची टोपी घातलेले डोंगर, मधे हिरवंकाळं पाणी, आणि इतकी शांतता की मला माझंच रबर करकरताना ऐकू येत होतं. श्यामकांतरावांनी चेन वर ओढली.

"घट्ट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"घट्ट आहे."

त्यांनी तरी एकदा बोट घालून पाहिलं.

आणि आम्ही पडलो. बाप रे, ती थंडी! मानेशी सुरीसारखी आली, पाठीवरून उतरली. बाईंचा श्वास अडकला. मी माझा सांधा, माझे उरलेले सगळे बुडबुडे एकवटून धरून राहिलो. आणि हळूहळू, हो, ते पाणी कोमट झालं. मग त्यांनी खोल श्वास घेतला. स्वतःचा.

आता आम्ही खाली आहोत. दोन पुरुष उंचीच्या तपकिरी पानांचं जंगल डुलतंय, वरून ऊन झिरपतंय, चिमुकले मासे चमकून जातायत. राजसीनं आईचा हात धरलाय आणि ती एकेक पान दाखवतेय. बाईंचं काळीज माझ्याखाली धडधडतंय. मी रबराचा, पण मलाही भरून आलंय.

वर पाण्यातून बोटीच्या कडेवर वाकलेली एक आकृती दिसतेय. तिथवर माझा आवाज पोहोचत नाही. तुम्हाला श्यामकांतराव भेटले तर एवढं सांगा: बाई थरथरतायत ते थंडीनं नव्हे. रडतायत.