खुर्चीला झालेला रोग

हॉल माणसांनी गच्च भरला होता. पुढच्या रांगेतून आरोळी आली, "विष निघालं!" आणि फडक्याने रोग काढणाऱ्या वस्त्रमहाराजांचा शिष्य लालभडक फडकं नाचवत उभा राहिला. बायकांनी भराभर हात जोडले.

"शस्त्र नको, वस्त्र पुरे!" महाराज गरजले.

थोरली सून रांगेच्या मधोमध बसली होती. एका अंगाला सासूबाई, दुसऱ्या अंगाला नवरा. उठायचं म्हटलं तरी त्यांचे गुडघे ओलांडावे लागणार. मागच्या खुर्चीवर धाकटी जाऊ; ती शाळेत विज्ञान शिकवायची.

परवाच डॉक्टरीणबाई थोरलीला म्हणाल्या होत्या, "कॅन्सर दोन्ही स्तनांत आहे. पण प्रत्येक बाजूचा विचार वेगळा करायचा. डावीकडची गाठ लहान आहे. तेवढी काढून नंतर किरणोपचार दिले तर चालेल. उजवीकडे दोन-तीन जागी आहे, तिथे पूर्ण स्तन काढणं बरं. दोन्ही काढायचे म्हणालात तर तेही करू, पण तेवढ्याने आयुष्य वाढतंच असं नाही. फार लांबवू नका, पण ठरवा तुम्ही."

घरी तिच्या तोंडून डावीकडचंच कसंबसं निघालं. त्यावरच सगळं घर तिच्याभोवती ठाण मांडून बसलं आणि तिला इथे घेऊन आलं. उजवीकडचं सांगायचं राहूनच गेलं.

थोरलीची पाळी आली; महाराज आणि शिष्य तिच्या खुर्चीपाशी आले. शिष्याने विचारलं, "कुठली बाजू?"

"डावी हो, डावी," सासूबाईच बोलल्या.

शिष्याने हातातल्या तबकातल्या दोन चळतींपैकी एकीतून पांढरं फडकं उचललं. थोरलीच्या कपड्यांवरूनच ते छातीवर पसरून महाराजांनी पाणी शिंपडलं. डावीकडचं कापड लाल झालं.

"निघालं विष! उजवी बाजू बघा, दुधासारखी निर्मळ!"

सासूबाईंना रडू फुटलं. थोरलीने मात्र छातीवरचं फडकं काढून हातात घेतलं.

"उजवीकडेही आहे," ती म्हणाली.

"काय?" महाराजांनी विचारलं.

"उजवीकडेही कॅन्सर आहे, महाराज. तुमच्या फडक्याला कसा दिसला नाही?"

महाराज घाम पुसत म्हणाले, "श्रद्धा कमी पडली, बाई."

"खुर्चीची श्रद्धा कशी आहे, बघू या का?" म्हणत मागे बसलेली धाकटी उठली. तिने तबकातल्या त्याच चळतीतलं फडकं आपल्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकून तेच पाणी शिंपडलं. डावीकडे लाल! दुसऱ्या चळतीतलं टाकलं, उजवीकडे लाल!

"अरेरे, खुर्चीचं काही खरं नाही!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"फडक्याच्या एका भागाला बिनरंगी रसायन लावून वाळवलंय," धाकटी म्हणाली. "पाण्यात धुण्याचा सोडा आहे. दोन्ही भेटले की लाल. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा हे करतात. शेवटच्या खेपेला कोरं फडकं टाकायचं; ते लाल झालं नाही, की रोग बरा! आत गाठ वाढतेच आहे."

नवरा खाली मान घालून पुटपुटला, "मग दोन्ही काढूनच टाकू. एकदाची कटकट मिटेल."

"अहो, आता तुम्हीही माझ्याऐवजी बोलू नका. जे कळलं नसेल ते मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारीन. मग मी ठरवीन. सोबत आलात तर बरं वाटेल."

रोग अंगात असतो, फडक्यात नाही. तो तपासून घ्यावा, शंका विचाराव्यात, आणि जिच्या अंगाला सुरी लागणार तिला विचार करायला मोकळी जागा द्यावी. एवढंच सांगायचं आहे.

थोरली उठली. सासूबाईंनी डोळे पुसले, गुडघे आवरून घेतले आणि तिला वाट दिली.