मुद्देमाल : स्कूटरची एक चावी

बोरिवलीत आता कोर्टात जेवायला जायची सोय झाली आहे. मी चौतीस वर्षं खऱ्या कोर्टात कारकुनी केली. तिथं डबा घरून न्यावा लागे. हे कोर्ट पश्चिमेला, सोफ्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. वाढपी हवालदाराच्या वेषात, मेनूकार्ड लाल फीत बांधलेल्या फायलीत, आणि टोमॅटो सूपचं नाव 'अटकपूर्व जामीन'. मधोमध आरोपीचा पिंजरा, शेजारी ढोलकी आणि कीबोर्ड. दर अर्ध्या तासाने कुठल्या तरी टेबलावरचा एक माणूस पिंजऱ्यात उभा करतात. काळ्या कोटवाला सरकारी वकील आरोप गाऊन दाखवतो. आरोपी लाजत लाजत 'गुन्हा कबूल' म्हणतो. मग त्याला कागदी टोपी घालतात आणि शिक्षा म्हणून आईस्क्रीम देतात. आरोप काय ठेवायचा, ते घरच्यांनी आधी फोनवर कळवायचं असतं.

आमच्या मुलाने, धम्मपालने, ते बुधवारीच कळवलं होतं. मला माहीत होतं. आरोपीला नव्हतं.

आरोपी म्हणजे माझी बायको, जया. वय सदुसष्ट. इस्पितळात आया म्हणून नोकरी करताना तिने तीस वर्षं पहाटे बसची वाट पाहिली. रिटायर झाली त्या महिन्यात स्कूटर शिकायला गेली. म्हणाली, "आता मी कुणाची वाट बघणार नाही." आठवड्यातून एकदा ती गोराईच्या बोटीत स्कूटर चढवते आणि पलीकडे फिलोमिनाकडे, म्हणजे इस्पितळातल्या जुन्या मैत्रिणीकडे जाते. मी मागे बसतो.

गेल्या महिन्यात आम्ही पडलो. तिच्या कोपराला तीन टाके पडले. "धमाला सांगू नका," ती म्हणाली. मी तासाभरात धम्मपालला सांगितलं. पडलो एवढंच सांगितलं. का पडलो, हे त्याने विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय साक्षीदाराने जास्त बोलू नये, हे मी नोकरीत शिकलो होतो.

चावी घरी मागितली असती तर जयाने दिली नसती. म्हणून हा बेत. चार लोकांत, सुनेच्या मोबाइलवर व्हिडिओ चालू असताना, हसत हसत 'गुन्हा कबूल' म्हणून घ्यायचं. शिक्षा एकच : स्कूटर विकून टाकायची. गिऱ्हाईकही ठरलं होतं, खालच्या मजल्यावरचा देवेश.

दारातच हवालदार प्रत्येक टेबलाकडून एक वस्तू मुद्देमाल म्हणून जमा करून घेत होता. आमची सून प्रियंका चटकन म्हणाली, "आई, तुमची चावी द्या ना! मज्जा!" जयाने दिली. चावी पाकिटात गेली, पाकिटावर लाल स्टिकरचं सील बसलं. प्रियंकाने धम्मपालकडे बघितलं. धम्मपालने सुपाकडे.

बिर्याणी अर्ध्यावर आली असताना पुकारा झाला. न्यायमूर्तींनी हातोडा आपटला. चौतीस वर्षांत मी कोर्टात एकच हातोडा पाहिला. तो खुर्च्या दुरुस्त करायला आलेल्या सुताराकडे होता.

वकिलाने गायलं, की आरोपी जया हिने या वयात स्कूटर चालवून कुटुंबाच्या झोपेचं खोबरं केलं आहे हो. हॉलने टाळ्या वाजवल्या.

"आरोपी, गुन्हा कबूल आहे?"

"नाही," जया म्हणाली.

ढोलकी सुरू झाली होती, ती मध्येच थांबली.

"आजी, कबूल म्हणायचं असतं," न्यायमूर्ती खाली वाकून हळूच म्हणाले.

"म्हणणार नाही."

"नंतर आईस्क्रीम आहे."

"ते तुम्ही खा."

धम्मपाल उठला. "आई, गंमत आहे गं! बोल ना पटकन, मागे बर्थडेवाले थांबलेत."

"गंमत आहे, तर सकाळी देवेश माझ्या स्कूटरचे टायर दाबून काय बघत होता रे? मी गॅलरीतच होते."

प्रियंकाने व्हिडिओ बंद केला. शेजारच्या टेबलाने चालू केला.

"आम्हाला काळजी वाटते," धम्मपाल म्हणाला. आवाजात खरीच काळजी होती. लहानपणी आईला यायला उशीर झाला की असाच बोलायचा. "पडलीस ना तू? टाके पडले ना?"

"तुला कोण म्हणालं?"

टेबलावरच्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बिर्याणीतली लवंग शोधत होतो. पण हवालदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला साक्षीदाराच्या स्टुलावर नेऊन उभं केलं. शपथ मेनूकार्डावर झाली.

"आरोपी स्कूटरवरून पडली, हे खरं का?" वकिलाने विचारलं. या वेळी न गाता.

"दोघंही पडलो."

"अहो," पिंजऱ्यातून जया म्हणाली, "वळणावर काय झालं, ते सांगा की कोर्टाला."

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. स्टुलावरून कोर्ट एवढं मोठं दिसतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या मांडीवर वांग्यांची पिशवी होती," मी म्हणालो. "वळणावर एक वांगं घरंगळलं. मी धरायला वाकलो. ही पहिल्या दिवसापासून सांगते, वळणावर हलू नका. मी हललो. म्हणून पडलो."

"वांगं वाचलं?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"वाचलं. भरीत केलं."

"बाबा!" धम्मपाल ओरडला. "तुम्ही तर मला म्हणालात..."

"पडलो म्हणालो. तू पुढे विचारलं नाहीस."

याला साक्षीदार फितूर होणं म्हणतात. नोकरीत मी असे पुष्कळ पाहिले. बहुतेकांना समोरच्या पार्टीने जेवू घातलेलं असायचं. मला ज्यांनी जेवू घातलं, त्यांच्यावरच मी उलटलो.

न्यायमूर्तींनी समोरचे कागद उलटेपालटे केले. सगळ्यांवर 'दोषी' असंच छापलेलं होतं. कीबोर्डवाल्याकडे निर्दोष सुटण्याची चाल नव्हती. "आजी, आता तुम्ही खाली या," ते काकुळतीने म्हणाले. "तुमचं झालं."

"माझी चावी?"

"ती बिल भरताना काउंटरवर..."

बिल धम्मपाल भरणार होता. म्हणजे चावी त्याच्या हातात गेली असती. मी टिश्यू पेपर घेतला आणि पूर्वीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं : 'विषय : मुद्देमाल मूळ मालकास परत मिळणेबाबत.' खाली तारीख, अर्जदाराचं नाव आणि सहीसाठी जागा. हवालदाराने तो पुढे नेला. न्यायमूर्तींनी वाचला, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं करायला मिळालं म्हणून झोकात सही ठोकली.

जयाने सील फोडलं. धम्मपालसमोर येऊन उभी राहिली.

"तुझी काळजी तुझ्याकडे ठेव," ती म्हणाली. "माझी चावी माझ्याकडे राहील. आणि देवेशला सांग, टायर त्याच्या गाडीचे दाबायचे."

खाली पार्किंगमध्ये मी सवयीने दुसऱ्या हेल्मेटला हात घातला. तिने ते माझ्या हातातून काढून डिकीत टाकलं.

"धमाला तुम्ही सांगितलंत?"

"हो. पण आता साक्ष तर..."

"तुम्ही फिर्यादीच्या गाडीतून या."

आणि निघाली. आम्ही कारने मागे लागलो. धम्मपाल तिच्यामागे वीसच्या स्पीडने गाडी चालवत होता, मागून हॉर्नचा पाऊस पडत होता. प्रियंका म्हणाली, "घराचं वळण गेलं की!" गेलं होतं. जया सरळ गोराईच्या जेटीवर गेली आणि स्कूटर बोटीत चढवली. त्या बोटीत स्कूटर जाते. कार जात नाही.

बोट सुटली. जया स्कूटरला टेकून उभी होती, पाठ आमच्याकडे.

"आता काय, बाबा?" धम्मपालने विचारलं.

मी गाडीतून उतरलो, खिडकीवर जाऊन पुढच्या बोटीचं एक तिकीट काढलं. तो मागून हाका मारत होता, सूनही मारत होती. खऱ्या कोर्टातही तीन पुकारे होईपर्यंत कुणी हलत नसे. मी तर तिसऱ्यालाही वळलो नाही.