टॉवेलांचे आकडे

"हो, दिसतो ना समुद्र," असं मावशी फोनवर बोलून गेल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांना आपली चूक उमगली. इतकी वर्षं लॉज चालवून जिभेला ते वाक्य पाठच झालं होतं. समोर सातमजली हॉटेल उभं राहिल्यापासून वरच्या खोलीतून दिसत होत्या त्या फक्त त्याच्या न्हाणीघरांच्या खिडक्या.

फोन निवृत्त स्टेशनमास्तरांचा होता, तोही वाटेवरून. लग्नानंतर नवराबायको पहिल्यांदा याच खोलीत उतरली होती, पुढे बरीच वर्षं दरवर्षी; अलीकडे मात्र काही वर्षं येणं झालं नव्हतं. यंदा बाईंचे पाय गेले होते. पलंगावरून समुद्र दिसेल, एवढ्याच भरवशावर त्या प्रवासाला निघाल्या होत्या.

गॅलरीत टॉवेल काढताना मावशींचा हात कोपऱ्यातल्या लोखंडी आकड्यावर थांबला. त्यांच्या या मागच्या गल्लीतल्या प्रत्येक जुन्या घराला असा आकडा आहे. शहर तसं बेरकी, पण मायाळू. आधी इथे नुसती कोळ्यांची घरं होती. मग कुणा डॉक्टरानं खारी हवा छातीला चांगली म्हणून सांगितलं आणि रोगी येऊ लागले. पुढच्या रांगेनं समुद्र दाखवून जास्त भाडं लावलं. मागच्या रांगेनं आकड्यांना आरसे टांगून समुद्र थेट अंथरुणात आणून दिला. पुढे रोगी गेले, हौशी आले. आरसे फुटले आणि आकड्यांवर टॉवेल आले.

उंच आरसा होता खालच्या न्हाव्याकडे. मावशींनी तो चार दिवसांसाठी मागितला.

"आणि मी दाढ्या काय आठवणीवर करू?"

"तुझी गिऱ्हाइकं तशीही डोळे मिटूनच बसतात."

कुरकुरत का होईना, आरसा घेऊन तोच जिना चढला आणि गॅलरीतल्या आकड्याला तो टांगू लागला. मावशी पलंगावर आडव्या पडून वर, खाली, जरा तिरका असं सांगत राहिल्या. अखेर हॉटेलशेजारच्या फटीतून निळी पट्टी उशीसमोर आली.

संध्याकाळी बाईंना उचलून वर आणलं; पलंगावरून त्या बराच वेळ आरशाकडे पाहत होत्या.

"दीपगृह डावीकडे असायचं," त्या म्हणाल्या. "उजवीकडे कसं गेलं?"

मावशींनी फोनपासून न्हाव्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली, पण बाईंची नजर आरशावरून हलली नाही.

"मग त्या न्हाव्याला खुर्ची घेऊन वरच बोलवा," त्या म्हणाल्या. "त्याचा धंदा का बुडावा?"

त्या चार दिवसांत निम्म्या गल्लीच्या दाढ्या मावशींच्या गॅलरीत झाल्या. समुद्रापुढे कुणाचं डोकं आलं की बाई आतून नुसत्या खाकरत.