कुलूप तोडलेलं कपाट

मित्रांनो, मी निलंग्याजवळच्या एका शाळेच्या वर्गातलं पुस्तकांचं लोखंडी कपाट. माझ्या दाराची कडी वाकडी आहे. ती गंजून नाही, माणसांनी वाकवली.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली, तेव्हा मी इथे आलो. पुढच्या वर्षी मुलांनी भूकंपाच्या आठवणींचं एक हस्तलिखित केलं आणि माझ्या वरच्या कप्प्यात ठेवलं. त्यात सातवीतल्या मारोतीने लिहिलं होतं, 'मदतीचे पत्रे सरपंचांच्या गोठ्यावर गेले. पावसात आम्ही भिजलो, त्यांच्या म्हशी भिजल्या नाहीत.'

पंधरा वर्षं ते कुणी हातात घेतलं नाही. तेच सरपंच, शेषेरावआण्णा, आता आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाले होते. लातूरसारखे क्लास आमच्याही शाळेत निघाले. 'अवांतर वाचन बंद, सराव परीक्षा द्या,' असा फतवा निघाला. मला उघडत त्या एकट्या गौसियाबाई.

त्या दहावीला नागरिकशास्त्र शिकवत. एकदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या धड्याला त्यांनी ते हस्तलिखित काढलं आणि वर्गातल्या हुमाला मारोतीचं पान मोठ्याने वाचायला लावलं. म्हशींच्या वाक्याला सगळा वर्ग हसला. शाळा सुटायच्या आत ते हसू आण्णांच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी भर तासाला आण्णा दोन माणसं घेऊन आले.

"चावी द्या."

"लेखी आदेश द्या, आण्णा. कारणही लिहा," बाई म्हणाल्या.

"माझ्या शाळेत मलाच कारण विचारायलात?" त्यांनी माणसांना मानेनं खूण केली. माणसांनी माझ्या दाराला पहार लावली. कुलूप तुटलं. आण्णांनी हस्तलिखिताची पानं टराटरा फाडली.

हुमा उभी राहिली. "आण्णा, हे खोटं असेल तर तसं लिहा. आम्ही तेही वाचू. फाडता कशाला?"

"लई शहाणी झालीस? बापाला घेऊन ये!"

आठवड्याच्या आत बाईंची बदली अहमदपूरच्या शाखेत झाली. हुमाचे वडील, शिलाईकाम करणारे जिलानीभाई, माझ्याच शेजारी हात जोडून उभे राहिले.

"माफीनामा लिहून घ्या पोरीकडून," आण्णा म्हणाले. "न्हाईतर दाखला न्या. दहावीचं वर्ष हाय, बघा."

जिलानीभाईंचा चेहरा उतरला. ते लेकीकडे वळले. "काय वाचलं होतंस बेटा?"

हुमाने पाठ झालेली मारोतीची ती वाक्यं आण्णांच्या समोर, एकही शब्द न गाळता म्हटली.

जिलानीभाईंनी जोडलेले हात सोडले.

"दाखला द्या, आण्णा."

हुमाने दुसऱ्या गावच्या शाळेतून परीक्षा दिली. रोज दोन तास बसमध्ये जात, असं मुलं बोलताना मी ऐकलं. माझ्यात आता क्लासच्या प्रश्नपत्रिका कोंबल्या आहेत.

मित्रांनो, माझी वाकडी कडी सरळ केली नाही तरी चालेल. पण 'हे वाचू नको' असं कुणी दरडावलं, तर मान खाली घालू नका. 'का?' म्हणून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उभे राहा.