महिनाभरासाठी आलेला टेकू

मी टेकू बोलतोय. लाकडाचा, जरा बाकदार. पालिकेच्या दवाखान्यात, लस टोचायच्या खोलीत, छताला डोकं लावून उभा आहे. मान वळवता येत नाही, म्हणून समोर दिसतं तेवढंच सांगतो.

शिकलेला मी नाही. झाड तोडलं, फांद्या छाटल्या, की सरळ ठेकेदाराच्या वखारीत. तिथे आमचं काम ठरलेलं. नवा स्लॅब ओला असेतो त्याला खालून धरायचं, तो सुकला की पुढच्या घराला. कितीतरी घरं अशी उभी केली, राहिलो एकातही नाही. त्याचं काही वाटत नाही. टेकूनं निघून जायचंच असतं.

इथे मात्र अडकलो.

गच्चीवरची पाण्याची टाकी गळत होती. पाणी छतात मुरलं, पोपडे खाली पडू लागले. सिस्टरबाईंनी तक्रार केली. इंजिनिअरसाहेब आले, वर बघत म्हणाले, "टाकीचं काम पाच वर्षांच्या आराखड्यात घ्यावं लागेल. तोवर महिनाभर दोन टेकू भाड्यानं लावू."

रोग रेड्याला नि औषध पखालीला! टाकी गळतच राहिली आणि खाली मी नि माझा जोडीदार येऊन उभे राहिलो.

तो महिना काही संपेना. अंदाजपत्रक जवळ आलं की साहेब येतात, माझ्या अंगावर थाप मारतात. "भक्कम आहे. हेही वर्ष निघेल." अहो, मी धरलंय म्हणून निघतंय! पण हे सांगायचं कुणी? मी नीट उभा राहतो, म्हणूनच कुणी काही करत नाही.

लोकांनाही माझी सवय झाली. पिशव्या अडकवायला कुणी खिळा ठोकला. एक सासूबाई सुनेला सांगत होत्या, "याच खांबाला धरून थोरला उभा राहिला होता. आता धाकट्याला धरू दे."

"आई, खांब नाही तो, टेकू आहे."

"असेना का. पालिकेचा आहे ना? मग कुठे जातोय!"

पुढे काटकसर आली. हिशेबाचे नवे साहेब खोलीत शिरले नि म्हणाले, "दोन टेकू कशाला? आजवर छत पडलं का? नाही ना? मग एक काढा. भाडं वाचेल."

सिस्टरबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या चष्म्याची एक काडी काढू का? दुसरी आहेच की."

साहेब हसले. जोडीदाराला मात्र नेलंच. वर टाकी अहोरात्र वाहतेय, ती भरायला पंप चालतोय, त्याचं बिल कुणी विचारलं नाही. मोरीला बोळा नि दरवाजा मोकळा.

यंदा एकदाचा आराखडा मंजूर झाला. इंजिनिअरसाहेब खुशीत आले.

"आली का टाकी?" बाईंनी विचारलं.

"टाकी नाही हो. पण याचं भाडं फार होत होतं, म्हणून हा विकतच घेतला. आता पालिकेची मालमत्ता! दर वर्षी रंग मिळेल."

"आणि छत?"

"छताला टेकू आहे ना."

माझ्या अंगावर नंबर घातला, निळा रंग फासला. त्या रंगाखाली मी उभा तडकलोय. बाईंनी एकदा तळहात फिरवला, त्यांना भेग लागली. त्यांनी लगेच शिपाईदादांना हाक मारली. "दादा, बाकडी बाहेर घ्या. आजपासून रांग व्हरांड्यात." पोरंबाळं बाहेर गेली. लशींचा फ्रिज तेवढा इथेच राहिला, कारण त्याचा प्लग इथेच. म्हणून बाई दिवसभर माझ्याखालून येतात-जातात.

काल मी जरासा कुरकुरलो. बाईंनी घाईनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "लाकूड आहे, वाजणारच. रंगाचा आणखी एक हात देऊ."

साहेब, रंग नको. आधी टाकी बंद करा, मग छत उतरवा, मग मला काढा. मी निमूट जाईन.

आणि सिस्टरबाई, लाकूड मोडण्याआधी ओरडतं. माझा पुढचा आवाज साहेबांसाठी नसेल, तुमच्यासाठी असेल. तो ऐकलात की लस टाका, फ्रिज तसाच सोडा, आधी बाहेर पळा. तुम्ही उंबरा ओलांडेपर्यंत मी धरतो.